पोटावरची पिशवी आणि रुग्णाचा ‘स्व’

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात रुग्णाच्या स्वसंकल्पनेवर एक प्रकरण असतं. ओळख, देहप्रतिमा, भूमिका आणि आत्मसन्मान हे त्याचे चार घटक विद्यार्थिनींना तोंडपाठ असतात आणि परीक्षेत त्यांवर गुणही मिळतात. वॉर्डात आल्यावर मात्र हे सगळं प्रकरण ‘मानसिक आधार’ या दोन शब्दांत गुंडाळलं जातं. मानसिक आधार म्हणजे इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग, नोंदी हे सगळं आटोपून वेळ उरलाच तर पेशंटशी बोललेले चार बरे शब्द. माझं म्हणणं असं की स्वसंकल्पनेची शुश्रूषा कामं आटोपल्यावर होत नसते. ती त्या कामांतच होते किंवा त्यांतच बिघडते. पडदा ओढण्यात, कवळी परत देण्यात, पिशवी बदलण्यात जे बिघडलं, ते नंतरच्या चार शब्दांनी सावरत नाही. हे तपासून पाहायला पोटावर केलेल्या कायमच्या स्टोमाचं, म्हणजे शौचासाठीच्या कृत्रिम तोंडाचं, उदाहरण घेते. त्यात स्वसंकल्पनेचे चारही घटक एकाच वेळी हलतात.

आधी थोडा सिद्धांत. विल्यम जेम्सनं १८९० साली ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’मध्ये आत्मसन्मानाचं साधं गणित मांडलं: मिळालेलं यश भागिले बाळगलेली अपेक्षा. उदाहरण त्यानं स्वतःचंच दिलं. मानसशास्त्रात कोणी आपल्या पुढे गेलं की त्याला झोंबायचं. ग्रीक येत नाही याचं काहीच वाटायचं नाही, कारण ग्रीकवर त्यानं स्वतःला पणाला लावलेलंच नव्हतं. शेजारशेजारच्या खाटांवर, तीच शस्त्रक्रिया झालेले दोन पेशंट सारखे का खचत नाहीत, याचं उत्तर जखमेत नसतं. ज्या बाईच्या हातच्या पुरणपोळीसाठी भावकी जमते तिला वासाची धास्ती असते. आपल्या हातचं आता कोणी खाईल का, हा तिचा प्रश्न. गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडण्यात हयात गेलेल्या एसटी कंडक्टरला धक्क्यानं पिशवी फुटेल याची भीती. निवृत्त मास्तरांना कदाचित यातलं काहीच छळत नाही. बायकोसमोर सदरा काढायला नको वाटतो, तेवढंच. कोणी स्वतःला कशावर पणाला लावलं आहे हे कळल्याखेरीज आधार नेमका कुठे द्यायचा ते ठरत नाही.

चार्ल्स कूलीनं १९०२ मध्ये यात दुसऱ्यांच्या नजरेची भर घातली. लोकांना आपण कसे दिसत असू आणि ते आपल्याविषयी काय म्हणत असतील, याच्या अंदाजावर माणूस स्वतःचं चित्र रंगवतो; दुसऱ्यांची नजर हा त्याचा आरसा. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या शरीरावर पडणारी आणि पेशंटला दिसणारी पहिली नजर बहुतेक वेळा सिस्टरची असते. पुढे कॅलिस्टा रॉय यांनी (त्या धर्मसंघातल्या असल्यानं दोन्ही अर्थांनी सिस्टर) १९७० पासून मांडलेल्या अनुकूलन प्रतिमानात स्वसंकल्पनेला शरीरक्रिया, भूमिका आणि परस्परावलंबन यांच्या बरोबरीनं जागा दिली. त्यांनी तिचे दोन भाग केले: शरीररूप स्व आणि व्यक्तिरूप स्व. दुसऱ्यात नैतिक आणि आध्यात्मिक स्व येतो. पाठ्यपुस्तकात ही एक ओळ असते, आणि आपल्या वॉर्डात सगळ्यात जास्त अडचण नेमकी तिथे येते. त्याकडे पुढे वळेन.

स्टोमा म्हणजे काय

गुदाशयाचा कर्करोग अगदी खाली असेल तर गुदद्वारासह तो भाग काढावा लागतो. अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जननं ही शस्त्रक्रिया (एपीआर) १९०८ मध्ये सविस्तर मांडली. मग मोठ्या आतड्याचं टोक पोटावर आणून शिवतात; हाच स्टोमा, आणि विष्ठा त्याच्यावर चिकटवलेल्या पिशवीत जमते. हे तोंड लाल आणि ओलसर असतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला हात लावला तर दुखत नाही. सुरुवातीला ते सुजलेलं असतं आणि सहा ते आठ आठवड्यांत आक्रसतं. त्याला आवळणारा स्नायू नसतो, त्यामुळे शौचाला केव्हा व्हावं हे माणसाच्या हातात राहत नाही.

शेवटचं वाक्य शरीरशास्त्राचं असलं तरी त्याचा मार सगळा मनावर बसतो. शी-शूवर ताबा मिळणं ही मुलाची घरानं कौतुक केलेली पहिली कमाई. साठाव्या वर्षी ती हातची जाते तेव्हा माणसाला आपण आजारी पडलो यापेक्षा आपण लहान झालो असं वाटतं. म्हणून अशा पेशंटशी लाडीगोडीच्या, बाळबोध सुरात बोलणं घातक ठरतं. ‘चला, शी झाली का आपली?’ असं सिस्टर प्रेमानंच विचारते, पण त्या वाक्यानं पेशंटच्या मनातल्या भीतीवर शिक्का बसतो.

शाईची खूण

स्वसंकल्पनेचं काम शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सुरू होतं, आणि ते काम म्हणजे पोटावर शाईची खूण करणं. नियम असा: खूण पोटाच्या उभ्या स्नायूच्या पट्ट्यात असावी, घड्या, जुने व्रण आणि हाडांचे उंचवटे टाळावेत, आणि जागा पेशंटला स्वतःला दिसावी. पेशंटला झोपवून, बसवून आणि उभं करून ती पाहायची. आपल्याकडे या तपासणीत आणखी काही गोष्टी घालाव्या लागतात. सहावारी नेसणाऱ्या बाईला परकर घालून नाडी बांधायला सांगायचं, कारण नाडी बरोबर खुणेवर आली तर पुढची वीस वर्षं गळती ठरलेली. मांडी घालून बसवायचं, उकिडवं बसवायचं, वाकून विळी पुढे ओढल्यासारखं करायला लावायचं. खुर्चीत सपाट दिसणाऱ्या पोटाला मांडी घातल्यावर खोल घडी पडते. हे सगळं पंधरा मिनिटांत होतं.

या पंधरा मिनिटांत पेशंटला एक गोष्ट न बोलता कळते: पुढचा विचार करताना माझं नेसणं, माझं बसणं धरलं जातंय. देहप्रतिमा म्हणजे आरशातलं रूप असं आपण फार पटकन गृहीत धरतो. आरशासमोर दिवसातून पाच मिनिटं उभ्या राहणाऱ्या बाईचं शरीर तिच्या लेखी मुख्यतः कामाचं आणि बैठकीचं असतं. जयपूर फूटचा इतिहास हेच सांगतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला, तेव्हा परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय उपलब्ध होतेच. पण ते बुटात घालायचे होते. त्यांवर उकिडवं बसता येत नव्हतं, अनवाणी देवळात किंवा चिखलात जाता येत नव्हतं. म्हणून लोक ते कोपऱ्यात ठेवून कुबडीच धरायचे. त्यांना पाय दिसायला नको होता, वापरायला हवा होता.

आदल्या रात्रीची दुसरी गोष्ट म्हणजे अंगावरच्या वस्तू. संस्थेत शिरताना माणसाचे कपडे, वस्तू, नाव काढून घेतलं की त्याचा ‘स्व’ कसा सोलला जातो, हे अर्व्हिंग गॉफमननं १९६१ च्या ‘असायलम्स’ या पुस्तकात दाखवलं. ते मनोरुग्णालयाबद्दल आहे, पण सर्जिकल वॉर्डाला बरंचसं लागू पडतं. मंगळसूत्र आणि बांगड्या काढायला सांगण्याला वैद्यकीय कारण आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर धातू नको. पण नवरा दाराशी उभा असताना ‘काढा, काढा, सगळं काढा’ असं घाईनं म्हटलं की आधीच घाबरलेल्या सवाष्णीला ते कसं ऐकू येतं हे सांगायला नको. काही ठिकाणी सिस्टर आधी हळदीचा दोरा गळ्यात बांधू देतात आणि मग मंगळसूत्र उतरवून नवऱ्याच्या हातात देतात. यात औषधोपचाराचं काहीच अडत नाही. कवळीचंही तेच. भूल देण्याआधी ती काढावीच लागते. पण शुद्धीवर आल्यानंतर दोन दोन दिवस ती लॉकरमधल्या वाटीत पडून राहते आणि सुनेसमोर सासरे तोंडावर हात धरून बोलतात, याला वैद्यकीय कारण नाही. चष्मा आणि कानातलं यंत्र यांबाबतही असंच होतं.

पहिली पिशवी

पहिल्यांदा पिशवी बदलणं ही या सगळ्यातली निर्णायक कृती. तिच्याकडे जरा जवळून पाहू.

पडदा पूर्ण ओढलेला. पेशंट अर्धवट बसलेली, पोटाखाली जुना टॉवेल, खाटेवर कोमट पाण्याचं भांडं आणि मऊ कापडाचे तुकडे. सिस्टर पिशवीची वरची कड एका हातानं सोडवते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्वचा खाली दाबत जाते. ओरबाडून काढत नाही. वास येतो. इथे तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ती मान किती फिरवते, मास्क नाकावर ओढते का, मावशींना ‘खिडकी उघडा हो’ म्हणून ओरडते का, हे पेशंट स्टोमाकडे न पाहता सिस्टरच्या तोंडाकडे पाहून वाचत असते. कूलीचा आरसा तो हाच. वास लपवता येत नाही, आणि ‘वास कुठे येतोय?’ म्हटलं तर खोटं पडतं. ‘पिशवी उघडली की वास येणारच, बंद असली की येत नाही, घरी संडासात बदललीत की कोणाला कळणार नाही,’ हे खरंही आहे आणि उपयोगी पण.

मग सिस्टर स्टोमाभोवतीची त्वचा पुसते, मापपट्टीनं माप घेते आणि नव्या पिशवीच्या चकतीला स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक कापते. पेशंटनं बघायलाच हवं असा आग्रह पहिल्या दिवशी नसावा. मान फिरवली तर ‘नकार’ असं लिहून मोकळं होऊ नये. इतक्या मोठ्या गोष्टीकडे बेतानं बघण्याची ती रीत असू शकते. पण हातात काहीतरी द्यावं. कापडाचा तुकडा धरा, चिकटपट्टीचा कागद सोला, उद्या चकतीवर माप आखा, परवा खालची क्लिप तुम्हीच लावा. डोळे तयार नसतात तेव्हा हात बऱ्याचदा तयार असतात, आणि हातांमागून डोळे येतात. जेम्सच्या गणितात हे यशाचा आकडा वाढवणं झालं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, हे कळलेली आणि ते स्वतः केलेली बाई तिसऱ्या दिवशी वेगळ्या आवाजात बोलते.

इथेच आपली ठरलेली चूक होते. डिस्चार्ज उद्यावर आलेला असतो, म्हणून पिशवी बदलायला सुनेला किंवा मुलीला शिकवतात. नातेवाईक चटकन शिकतात, प्रश्न विचारतात, व्हिडिओ काढून घेतात. आपल्या वॉर्डांत नातेवाईक हा मोठा आधार आहे आणि परदेशी पुस्तकं त्याची किंमत कमी लावतात, हेही खरं. पण कालपर्यंत किल्ल्या जिच्या कमरेला होत्या त्या सासूची विष्ठा आज सून काढणार असेल, तर घरातला सगळा तोल फिरतो, आणि त्याबद्दल कोणीच कोणाशी बोलत नाही. सासू मग कमी जेवते, म्हणजे पिशवी कमी भरते. सिस्टरला तपासणीत वजन घटलेलं दिसतं आणि आहारतज्ज्ञांकडे चिठ्ठी जाते. म्हणून क्रम असा हवा: आधी पेशंटला शिकवायचं, नातेवाईक शेजारी उभे राहून बघतील. पेशंटचे हात थरथरत असतील, दिसत नसेल, अर्धांगवायू असेल तर गोष्ट निराळी. तेव्हाही ‘कोणी केलेलं तुम्हाला चालेल?’ हा प्रश्न पेशंटलाच विचारायचा. उत्तर अनेकदा अनपेक्षित येतं.

भूमिका परत देण्यात किती ताकद असते याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी उभ्या केलेल्या आनंदवनात कुष्ठरोग्यांना सांत्वनाऐवजी काम मिळालं: शेती, विहिरी, हातमाग, बांधकाम. बोटं झडलेली माणसं पिकवू आणि बांधू लागली. एवढ्यानं समाजाची नजर लगेच बदलली असं कोणी म्हणणार नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघायला २०१९ उजाडावं लागलं. पण स्वतःकडे बघण्याची नजर बदलायला कायद्यासाठी थांबावं लागलं नाही.

काय पाहायचं, काय नाही

स्वसंकल्पना मोजायला प्रश्नावल्या आहेत. मॉरिस रोझेनबर्गची १९६५ ची दहा विधानांची मोजपट्टी सर्वांत परिचित. संशोधनाला ती ठीक आहे. खाटेजवळ मी तिच्यावर फार विसंबणार नाही, कारण आपल्याकडे स्वतःबद्दल चांगलं बोलणं हा उद्धटपणा मानून वाढलेल्या पिढ्या आहेत. ‘माझ्यात अनेक चांगले गुण आहेत’ याला आजी ‘कसले गुण!’ म्हणणार, आणि हसत म्हणणार. पाठ्यपुस्तकं नजर टाळणं हेही खालावलेल्या आत्मसन्मानाचं लक्षण मानतात. पुरुष डॉक्टरांच्या राउंडला मान खाली घालून पदर सावरणारी बाई फक्त रीत पाळत असते. त्यापेक्षा वर्तनातला बदल पाहावा. आधी गप्पिष्ट असलेला माणूस भेटीच्या वेळी झोपल्याचं सोंग घेतो का? स्टोमाला ‘ते’, ‘ही घाण’ म्हणतो, की ‘माझी पिशवी’ म्हणायला लागला? पोटावर उन्हाळ्यातही चादर असते का? गावाकडच्या कामांबद्दल, पेरणीबद्दल, नातवाच्या परीक्षेबद्दल विचारणं बंद झालंय का?

कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी एकच प्रश्न सुचवला आहे, आणि मला तो सगळ्या प्रश्नावल्यांपेक्षा वरचढ वाटतो: तुमची उत्तम काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं? उत्तर केसपेपरला जोडायचं. ‘भजनी मंडळात पखवाज वाजवतात’ ही ओळ ‘बेड नंबर १४, एपीआर’च्या शेजारी असली की राउंडचा सूर बदलतो. हाका मारण्याचंही पाहायला हवं. ‘आजी’ ही हाक मायेची असते, पण बावन्न वर्षांच्या शिक्षिकेला पहिल्याच दिवशी ती मिळाली तर तिच्या वयात आपण वीस वर्षं वाढवून देतो. ‘तुम्हाला काय म्हणू?’ हे विचारायला किती वेळ लागतो?

सोवळं

आता पाठ्यपुस्तकातली नैतिक आणि आध्यात्मिक स्वाची ती एक ओळ. पोटावर विष्ठेची पिशवी असताना देवाला शिवायचं का? हा प्रश्न पेशंट डॉक्टरांना विचारत नाहीत, सर्जनला तर नाहीच. रात्री, दिवे मंदावल्यावर, सिस्टरला विचारतात. किंवा कोणालाच विचारत नाहीत आणि घरी गेल्यावर देवघरात पाऊल टाकत नाहीत. मुसलमान पेशंटला हाच प्रश्न वजू आणि नमाजाबद्दल पडतो. ‘हल्ली असं कोण मानतं?’ हे उत्तर सर्वांत वाईट, कारण ते त्या माणसाच्या मनातली चांगल्या माणसाची व्याख्याच खोडून टाकतं. धर्मनिर्णय देणं हे सिस्टरचं काम नाही. वस्तुस्थिती सांगणं तिचं आहे: पिशवी बंद असते, बाहेर काही लागत नाही, अंघोळ पिशवीसह करता येते, आणि पूजेआधी ती रिकामी करता येते. मग ‘तुमचे गुरुजी किंवा मौलवी असतील त्यांना विचाराल का? हवं तर मी समजावून सांगते’ असं म्हणावं. बहुतेकदा वाट निघते, कारण बहुतेक परंपरांमध्ये आजाऱ्यासाठी मोकळीक असते. नैतिक आणि आध्यात्मिक स्वाची शुश्रूषा ती हीच.

लैंगिक जीवनाचं थोडक्यात. या शस्त्रक्रियेत तिथल्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते आणि पुरुषांत ताठरतेचे प्रश्न येतात. पेशंट स्वतःहून तो विषय काढत नाहीत. जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये लैंगिक समुपदेशनासाठी मांडलेल्या पायऱ्यांपैकी पहिली फक्त ‘परवानगी’ची आहे: ‘बऱ्याच जणांना पतिपत्नीच्या संबंधांबद्दल शंका असतात, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.’ एवढं प्रत्येक सिस्टरला जमावं. पुढच्या पायऱ्या तज्ज्ञांच्या.

आधार कशाला म्हणू नये

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. ‘काही होत नाही, सगळं ठीक होईल’ असं म्हणणाऱ्या भेटकऱ्यांवर ती चांगलीच घसरते. असं बोलणं पेशंटचं तोंड बंद करतं. उठसूट शाबासकीचंही तसंच. क्लिप नीट लागली नसताना ‘वा, छान!’ म्हटलं की पेशंटला वाटतं, आपल्याकडून आता एवढीच अपेक्षा उरली.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळंच स्वसंकल्पनेच्या खात्यावर टाकणं. पेशंट गप्प आहे, खात नाही, उठत नाही. त्याला वेदना असू शकते, रक्त कमी असू शकतं, जंतुसंसर्ग असू शकतो. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी आणि मीठ बाहेर जाऊन मरगळ आणि गोंधळलेपण येऊ शकतं. हे आधी तपासायचं. आणि ‘मी असून नसून सारखीच’ हे वाक्य आलं तर ते उदास बोलणं म्हणून सोडायचं नाही. जीव देण्याचे विचार येतात का हे सरळ विचारायचं आणि त्याच पाळीत डॉक्टरांना कळवायचं. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाहीत.

जिथे सिस्टरचे शब्द थिटे पडतात तिथे पिशवी घेऊन जगणारा दुसरा माणूस उपयोगी पडतो. स्टोमा नर्सिंग ही शाखाच अशा माणसापासून सुरू झाली. नॉर्मा गिल यांना स्वतःला स्टोमा होता, आणि त्यांचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये त्यांना क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये इतर पेशंटना शिकवण्यासाठी नेमलं. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. इस्त्रीचा शर्ट खोचलेला, लोकलनं आलेला पाहुणा खाटेशेजारी बसून म्हणतो, ‘मलापण आहे,’ आणि पेशंट पहिल्यांदा त्याच्या पोटाकडे नीट पाहतो. काहीच दिसत नाही.

आता वेळेचा प्रश्न. शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका आणि साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक, हा निकष कागदावर आहे. रात्रपाळीत त्याची काय गत होते हे प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे. त्यातही बेडपॅन, अंग पुसणं, कपडे बदलणं ही लाज वाटायला लावणारी कामं बहुतेक ठिकाणी मावशी आणि मामा करतात. स्वसंकल्पनेचं प्रकरण मात्र फक्त सिस्टर शिकते. मावशींना कोणी काहीच शिकवत नाही, आणि दिवसातून चार वेळा पेशंटच्या लाजेला हात त्यांचाच लागतो. प्रशिक्षणाचे तास काढायचेच तर आधी त्यांच्यासाठी काढावेत.

नोंदीही बदलाव्यात. ‘पेशंट अस्वस्थ, धीर दिला’ यातून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. ‘पिशवी स्वतः रिकामी केली, क्लिपला मदत लागली, मुलासमोर विषय नको म्हणाल्या, मंगळवारी परकर नेसून पाहायचं आहे’ यातून काम पुढे सरकतं. डिस्चार्जनंतर ओपीडीत त्वचा, गळती आणि स्टोमाचा रंग पाहतातच. त्याच्या जोडीला ‘ऑपरेशननंतर कोणाकडे जाऊन आलात?’ हे विचारावं. ‘कुठेच नाही’ असं उत्तर आलं तर त्वचा कितीही चांगली असली तरी पुढची तारीख तीन महिन्यांची न देता दोन आठवड्यांची द्यावी.